आयफोन १७ की गॅलक्सी एस२५? आधी बगीच्यात नेटवर्क मोजा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. वरुड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. चार एकर संत्रा, तीन एकर कपाशी. आताचा अँड्रॉइड फोन पाच वर्षांचा झाला, उन्हाळ्यात तापून बंद पडते. आंबिया बहाराच्या पैशातून ८५ हजार बाजूला काढून ठेवले. आयफोन १७ घेऊ की सॅमसंगचा गॅलक्सी एस२५? मित्र म्हणते, आयफोनच्या फोटोवर व्यापारी भाव देते. घरी जिओ चालते, बगीच्यात एअरटेल. मालाचे फोटो, व्हिडिओ, व्यापाऱ्यांचे फोन, मजुरांचे पैसे, सगळं याच फोनवर. मंग पाच-सहा वर्षं बदलायचा नाही. नेमकं सांगजा, गोल गोल नको."

भाऊ, नेमकंच सांगतो. तुम्ही गॅलक्सी एस२५ घ्या. आयफोन १७ त्याच्यापेक्षा कमी आहे असं अजिबात नाही, काही बाबतींत तो उघडच पुढे आहे. पण तुमच्या पत्रातली एक ओळ आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे: घरी जिओ चालते, बगीच्यात एअरटेल. तुम्हाला दोन कंपन्यांचे सिम रोज लागतात, आणि इथेच दोन्ही फोनांचा रस्ता वेगळा होतो.

भारतात मिळणाऱ्या आयफोन १७ मध्ये प्लास्टिकचं सिम एकच बसतं. दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर, न्यावा लागतो. एस२५ मध्ये प्लास्टिकची दोन नॅनो सिम बसतात आणि ई-सिमही चालतं, अर्थात एका वेळी चालू दोनच. शहरात या फरकाला फारशी किंमत नाही. गावात आहे. फोन विहिरीवर पडून स्क्रीन गेला, तर प्लास्टिकचं सिम पिनने काढायचं आणि घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये टाकायचं, दोन मिनिटांत नंबर चालू. ई-सिम असं काढता येत नाही. ते नव्या फोनवर घ्यायचं तर इंटरनेट लागतं, ओळख पटवावी लागते, फोनच बंद असेल तर कंपनीच्या दुकानापर्यंत जावं लागतं. तोडणीच्या दिवसांत व्यापाऱ्याच्या गाड्या येत असताना तुमचा नंबर एक दिवस बंद राहिला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातही एक बारकावा लक्षात ठेवा. जिओचं २जी, ३जी नाहीच, म्हणून जिओचं सिम जुन्या साध्या बटनाच्या फोनमध्ये चालत नाही, ४जीचाच फोन हवा. एअरटेलचं सिम जुन्या २जी फोनमध्येही कॉल देतं. तरीही आयफोनच घ्यायचं ठरवलं, तर बँकेला जोडलेला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्या आणि दुसरा ई-सिमवर न्या.

आता एक काम करा, दुकानात जायच्या आधी. महागडा फोन टॉवर जवळ आणत नाही. त्यामुळे सध्याच्या फोनवरच नेटवर्क मोजून पाहा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग फोनबद्दलची माहिती, त्यात स्टेटस, त्यात सिमचं स्टेटस, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, म्हणून उणे ८५ हा उणे ११० पेक्षा चांगला. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर कॉल आणि व्हिडिओ दोन्ही नीट चालतात. उणे ११० च्या पुढे फोटो अडकायला लागतात, उणे १२० ला कॉलसुद्धा तुटतो. घर, गोठा, विहीर, बगीच्याचा मधला भाग आणि नाल्याकडची बाजू अशा पाच ठिकाणी दोन्ही सिमचे आकडे कागदावर लिहून घ्या. संत्र्याच्या गर्द झाडांत उभं राहिलं की आकडा पडतो, तो बांधावरच्या आकड्याशी ताडून पाहा. ज्या सिमला बगीच्यात उणे ११५ येतं, त्याला ८० हजारांच्या फोनमध्येही तसंच रडत चालावं लागेल. अशा ठिकाणी पैसे फोनवर घालण्यापेक्षा सिम बदलणं जास्त कामाचं.

सिग्नलच्या या दुबळेपणाचा दुसरा परिणाम बॅटरीवर होतो, आणि दोष मात्र फोनला दिला जातो. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त ताकद लावून टॉवरशी बोलतो. त्यात ५जी मधूनच येत-जात असेल तर ४जीवरून ५जीवर, ५जीवरून ४जीवर अशी त्याची धावपळ चालू राहते. फोन खिशात असूनही गरम लागतो आणि दुपारी दोनलाच बॅटरी निम्म्यावर येते. उपाय फुकटचा आहे. एस२५ मध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स, नेटवर्क मोड इथे जाऊन बगीच्यातल्या सिमला ४जीपर्यंतचाच पर्याय निवडा. आयफोनमध्ये सेल्युलरच्या सेटिंगमध्ये व्हॉइस अँड डेटा उघडून एलटीई (म्हणजे ४जी) निवडा. गावात ५जी पक्कं मिळत असेल तर घरच्या सिमला राहू द्या.

बॅटरीचं म्हणाल तर एस२५ मध्ये ४,००० एमएएचची आहे. एवढ्या किमतीच्या अँड्रॉइडला ती लहानच म्हणावी लागेल, आणि या बाबतीत आयफोन १७ थोडा पुढे राहतो. दिवसभर शेतात राहणाऱ्या माणसाने कोणताही फोन घेतला तरी १०,००० एमएएचची पॉवर बँक सोबत ठेवावी.

तापण्याबद्दल तुम्ही लिहिलं आहे, तिथे मात्र कोणत्याच दुकानदाराचं ऐकू नका. ॲपल आणि सॅमसंग, दोघंही आपला फोन ० ते ३५ अंश हवेच्या तापमानात वापरायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नवलाई नाही, आणि तेही सावलीतलं मोजमाप. म्हणजे मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तुमचा फोन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर राहणार, मग तो कोणताही असो. फोन जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला लागतो. स्क्रीन आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं, फ्लॅश लागत नाही, सिग्नलची ताकद कमी होते, आणि शेवटी तापमानाची सूचना दाखवून फोन काम बंद करतो. कागदावर आयफोन १७ चा स्क्रीन उन्हात ३,००० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे उजेडाचं माप) उजळतो आणि एस२५ चा २,६०० पर्यंत. फोन थंड असताना दोन्ही उन्हात छान वाचता येतात. पण भर उन्हात पाच-दहा मिनिटं व्हिडिओ काढला की दोन्हींचा उजेड खाली येतो, तेव्हा या ४०० निट्सच्या फरकासाठी जीव टाकू नका. आयफोनच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे, तो खरोखर उपयोगी आहे. मात्र त्यावर दीडशे रुपयांची काच चिकटवली की तो फायदा गेलाच.

तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यात ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. तसं करू नका. गरम फोन एकदम थंड झाला की आत दमट हवेचं पाणी होतं, आणि ते पाणी वॉटरप्रूफपणा अडवू शकत नाही, कारण ते आतच तयार झालेलं असतं. जाड कव्हर काढा, डेटा आणि हॉटस्पॉट बंद करा, सावलीत सुती फडक्यावर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मोटरसायकलच्या हँडलला लावलेला स्टँड आणि ट्रॅक्टरचं बोनेट ही मे महिन्यातली फोन मारायची दोन हुकमी ठिकाणं आहेत. डब्याच्या पिशवीत, डब्याला न लागता, कापडात ठेवलेला फोन दुपारभर बरा राहतो.

पाच-सहा वर्षं बदलायचा नाही म्हणता, तर ही पुढची गोष्ट पहिल्याच दिवशी करा. लिथियम बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णता, आणि उष्णतेत शंभर टक्के भरलेली राहणं. दोन्ही फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, आयफोनमध्ये बॅटरी, चार्जिंग, मग मर्यादेची पट्टी. एप्रिल ते जून ८० वर ठेवा. तोडणीच्या हंगामात, थंडीत, दिवस लांब असला की १०० करा. आणि उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा, दुपारी टिनाच्या छपराखाली नको.

आता मित्राचं म्हणणं: आयफोनच्या फोटोवर व्यापारी भाव देते. यात खरं थोडं आहे. आयफोनचा रंग साधारणपणे डोळ्याला दिसतो त्याच्या जवळ राहतो. सॅमसंग हिरवा आणि नारंगी जरा जास्त खुलवतो. संत्र्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण व्यापारी रंगावर भाव ठरवतो. फोटोत पिवळट हिरवं फळ केशरी दिसलं आणि प्रत्यक्ष बगीच्यात तसं निघालं नाही, तर पुढच्या वेळी तुमच्या फोटोवर त्याचा विश्वास बसत नाही. पण यावर सोपी तोड आहे. एस२५ मध्ये स्क्रीन मोड 'नॅचरल' करा, म्हणजे तुम्हाला स्वतःला फोटो जसा आहे तसा दिसेल. फोटो सकाळी साडेआठ-नऊच्या आसपास, सूर्य पाठीशी ठेवून काढा. तोडलेली आठ-दहा फळं पांढऱ्या सुती कापडावर ठेवा, बाजूला मोजपट्टी ठेवा, एक फळ कापून साल आणि फोड दाखवा. पांढरं कापड चौकटीत असलं की कॅमेऱ्याला रंगाचा अंदाज नीट येतो. हिरव्या पानांच्या सावलीत काढलेल्या फोटोत फळावर हिरवी झाक उतरते, मग फोन कोणताही असो.

आणि खरी गोम पुढे आहे. तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता. व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे व्यापाऱ्याच्या हातात तुमच्या ८० हजारांच्या कॅमेऱ्याचा फोटो पोहोचतच नाही. पाठवताना वर एचडी दाबा, किंवा जोडणीच्या खुणेवर जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनवरून डॉक्युमेंट पाठवला तर आणखी एक अडचण येते. आयफोन मुळात हाइक नावाच्या प्रकारात फोटो साठवतो आणि नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडेलच असं नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉर्मॅट्स इथे 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

कॅमेऱ्यात एक ठिकाणी आयफोन तुमच्या शेतीला जास्त कामाचा आहे, ते लपवत नाही. पानाच्या खालच्या बाजूला काळ्या माशीची अंडी, सिट्रस सायला या किडीची पिल्लं, कोळी कीड, हे सगळं दोन-तीन सेंटीमीटरवरून टिपायचं असतं. आयफोन १७ चा अल्ट्रावाइड कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे, तो फोकस जुळवून अगदी जवळचा फोटो काढतो. एस२५ चा अल्ट्रावाइड १२ मेगापिक्सेलचा आणि एकाच अंतरावर फोकस ठेवलेला आहे, जवळ नेला की धूसर होतो. उलट एस२५ मध्ये ३ पट जवळ आणणारा वेगळा टेलिफोटो कॅमेरा आहे, जो आयफोन १७ मध्ये नाही. उंच फांदीवरचं फळ, शेंड्याकडून वाळत आलेली फांदी, वरच्या पानांवरची कोळशी (काळी बुरशी) शिडी न लावता टिपायला तो बरा पडतो. किडीच्या फोटोसाठी शंभर-दीडशे रुपयांचं साधं भिंग लेन्सपुढे धरूनही काम भागतं. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्रात फोटो पाठवताना पानाची वरची बाजू, खालची बाजू, पूर्ण झाड आणि बुंधा असे चार फोटो पाठवा. डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) असेल तर बुंध्याजवळची माती बाजूला करून साल दाखवा. नुसत्या एका पानाच्या फोटोवर कोणीही नेमकं निदान देऊ शकत नाही.

व्हिडिओत आयफोन अजूनही सरस आहे, हे मान्य. तुम्ही यूट्यूबवर शेतीचं चॅनेल चालवत असता आणि त्यातून पैसे येत असते, तर आम्ही सरळ आयफोन १७ सांगितला असता. त्याचा पुढचा कॅमेरा फोन उभा धरूनही आडवा व्हिडिओ घेतो, एकट्या माणसाला हे फार सोयीचं. पण व्यापाऱ्याला बगीचा दाखवायच्या व्हिडिओला ते लागत नाही. उलट फोन ४के ६० फ्रेमवर राहिला तर एका मिनिटाला सुमारे ४०० एमबी जातात, आणि गावातल्या नेटवर्कवर तो व्हिडिओ दुसऱ्या दिवसापर्यंत चढत बसतो. १०८० पी ३० फ्रेमवर एका मिनिटाला ६० एमबी लागतात. मालाच्या व्हिडिओला तेवढं भरपूर झालं.

प्रोसेसर, रॅम, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिराती यांवर विचार करत बसू नका. तुमच्या कामासाठी दोन्ही फोन गरजेपेक्षा खूप वेगवान आहेत. २५६ जीबीची साठवण दोन्हींत मिळते, मेमरी कार्ड दोन्हींत बसत नाही.

रोजच्या कामातले दोन फरक मात्र सांगायलाच हवेत. एक, सरकारी आणि शेतीची ॲप्स. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून आहे, तुम्ही दर हंगामात ती करताच. अशी बरीच ॲप्स आधी अँड्रॉइडसाठी तयार होतात, आयफोनला ती उशिरा येतात किंवा अडखळतात. आयफोनकडे मन ओढत असेल, तर तुम्हाला लागणाऱ्या प्रत्येक ॲपचं नाव लिहून कोणाच्या तरी आयफोनवर ॲप स्टोअरमध्ये शोधा. एक जरी महत्त्वाचं ॲप सापडलं नाही, तरी घरात जुना अँड्रॉइड चालू ठेवावा लागेल. (मोटरच्या मोबाईल स्टार्टरची चिंता नको. तो कॉल किंवा एसएमएसवर चालतो, कोणत्याही फोनवरून लागतो.)

दोन, कॉल रेकॉर्डिंग. बगीच्याचा सौदा फोनवर तोंडी होतो आणि पुढे "मी इतकं बोललोच नव्हतो" असं निघतं. सॅमसंगच्या फोन ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे. आयफोनमध्येही आता आहे, पण ते सुरू होताच दोघांनाही सूचना ऐकू जाते. सॅमसंग वापरला तरी समोरच्याला सांगूनच रेकॉर्ड करा. "शेठ, लक्षात राहावं म्हणून रेकॉर्ड करतो" असं म्हटलं की बोलणं आपोआप मोजून-मापून होतं. आणि सौदा ठरला की भाव, कॅरेट, तोडणीची तारीख आणि इसार व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, त्याचं "हो" घ्या. भांडण झालं तर लिखाण रेकॉर्डिंगपेक्षा लवकर कामी येतं.

पाणी आणि धुळीचं प्रमाणपत्र दोन्हींना आयपी६८ आहे. ॲपल ६ मीटर पाण्यात ३० मिनिटं सांगतं, सॅमसंग १.५ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ही परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्यातली असते. फवारणीच्या टाकीतलं मिश्रण तसलं पाणी नव्हे. त्यातले तेलकट द्रावक काचेवरचा गुळगुळीत थर खातात आणि कडेच्या रबरी सीलला हळूहळू निकामी करतात. पाणी आत शिरलं तर दोन्ही कंपन्यांची साधी वॉरंटी ते दुरुस्त करून देत नाही, आयपी६८ असलं तरी. म्हणून फवारणीच्या वेळी फोन अंगावर ठेवूच नका. यात फोनापेक्षा तुमची काळजी जास्त आहे. औषधाच्या हाताने फोन उचलायचा, मग तोच फोन गालाला लावायचा, संध्याकाळी तोच लेकराच्या हातात द्यायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही. फोन बांधावर सावलीत, पिशवीत ठेवा. हात साबणाने धुतल्यावरच घ्या. थेंब उडालेच तर किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, मग कोरड्या, आणि पोर्ट पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका.

कपाशी वेचणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते, तिच्यापायी पुष्कळ लोक उगाच चार्जिंग पोर्ट बदलून घेतात. खिशातले कापसाचे तंतू यूएसबी-सीच्या भोकात जातात, प्रत्येक वेळी पिन लावली की ते आत दाबले जातात, आणि काही महिन्यांत तळाशी नमद्यासारखा थर बसतो. मग पिन पूर्ण बसत नाही, वायर हलवली तरच चार्जिंग होतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, मधल्या पातळ पट्टीला धक्का न लावता कडेकडेने तंतू ओढून काढा. सुई, पिन, तार बिलकूल नको, आतले कॉन्टॅक्ट शॉर्ट होतात. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा दमटपणा आत जातो, तेही टाळा.

चार्जर दोन्हींच्या खोक्यात मिळत नाही, फक्त वायर मिळते. एस२५ ला २५ वॉटचा, पीपीएस लिहिलेला यूएसबी-सी चार्जर घ्या. पीपीएस नसेल तर तो पूर्ण वेगाने भरत नाही. नीट चार्जर असेल तर अर्ध्या तासात ५० टक्क्यांपर्यंत जातो. आयफोन १७ ला ४० वॉटच्या चार्जरवर २० मिनिटांत ५० टक्के असं ॲपल सांगतं. चार्जर १०० ते २४० व्होल्टचे असतात, म्हणून घरचा कमी दाब ते सोसतात. पण शेतातल्या मोटरच्या पेटीतून वायर ओढून चार्जर लावायची पद्धत आहे ना, ती सोडा. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात, न्यूट्रल सुटला तरी दाब कुठल्या कुठे चढतो. चार्जर तर जळतोच, माणसाच्या जिवालाही धोका.

दुरुस्तीसाठी खरेदीच्या आधी दोन फोन करा. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून जवळचं अधिकृत सेवा केंद्र शोधा आणि विचारा: या मॉडेलचा स्क्रीन किती रुपयांना, तुमच्याकडे असतो की मागवावा लागतो, किती दिवस लागतात. सॅमसंगची केंद्रं गावाजवळ जास्त सापडतात. आयफोनसाठी अमरावती-नागपूरची फेरी धरून चाला, आणि पार्ट नसला तर दोन फेऱ्या. आयफोनला बाहेरचा स्क्रीन टाकला तर फोन स्वतःच सेटिंग्जमध्ये अनोळखी पार्ट असल्याचं दाखवतो, विकताना ते आड येतं. दोन्ही फोनांचा स्क्रीन महाग आहे. म्हणून ८५ हजारांतले काही हजार कंपनीच्या अपघाती तुटफुटीच्या योजनेसाठी, जाड कडेच्या कव्हरसाठी आणि चार्जरसाठी आधीच वेगळे ठेवा.

एस२५ जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा १२ जीबी रॅम, २५६ जीबीचा भाव ८०,९९९ होता. आयफोन १७ सप्टेंबर २०२५ मध्ये २५६ जीबीला ८२,९०० ला आला. सॅमसंगचे भाव वर्षभरात बरेच उतरतात, आयफोनचे कमी. एस२५ मूळ भावात कोणी देत असेल तर उठून या, दुसरं दुकान पाहा. पुढे विकताना हेच गणित उलटं फिरतं, आयफोनला जुन्यातही चांगला भाव येतो. पण तुम्ही सहा वर्षं वापरणार, तेव्हा त्याचा फायदा तुम्हाला थोडाच मिळेल. सुरक्षेचे अपडेट सॅमसंगने एस२५ ला ७ वर्षं जाहीर केले आहेत. ॲपलचा रिवाजही तसाच लांब आहे, २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ मधली नवी आयओएस मिळाली.

हप्त्यांवर घेऊ नका, पैसे हाती आहेत तर रोख द्या. बिनव्याजी हप्त्यातही बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट देतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं. शिवाय संत्र्याचा पैसा हंगामात येतो, हप्ता दर महिन्याला. बिल पक्कं घ्या, त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहिलेला पाहिजे. फोनवर *#०६# दाबून तो जुळवा. मग केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, फोनची नोंद खरी आहे का ते कळतं. हे सगळं दुकानातच करा.

नवा फोन सुरू करताना घाई नको. एस२५ वर जुन्या फोनमधलं सगळं स्मार्ट स्विचने वायर जोडून येतं, व्हॉट्सॲप त्याच्याच सेटिंग्जमधल्या चॅट ट्रान्सफरने क्यूआर कोड दाखवून आणा. आयफोन घेतलाच, तर गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप त्यावर उघडत नाही. फोन अगदी कोरा असताना, पहिल्या सेटअपमध्येच, 'मूव्ह टू आयओएस' ॲपमधून चॅट आणाव्या लागतात. सेटअप संपवून मोकळे झालात तर पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. जुना फोन महिनाभर कोणाला देऊ नका, पुसू नका.

आणि यूपीआय. नव्या फोनवर ते पुन्हा नोंदवावं लागतं, बँकेचं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि एसएमएस जाण्याइतकं बॅलन्स हवं. नोंदवल्यावर बहुतेक बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात, आयफोनवर ती ७२ तासांपर्यंत जाते. मजुरांचा चुकारा ज्या बाजाराच्या दिवशी करता, त्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. चुकारा झाल्यावर, त्याच संध्याकाळी बदला.